वेंडेलचा कोरा हात

शुक्रवारी शाळेची बस डेपोत लावून नोरीन डुडेक थेट टेनपिनला आली, तेव्हा फुटपाथवरच तळलेल्या कॉड माशांचा वास येत होता. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस. या दिवसांत अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराची सगळी दक्षिण बाजू शुक्रवारी मांसाला शिवत नाही आणि मासे खायला वांडाच्या दारात रांग लावते. वांडा ही टेनपिनची मालकीण. पूर्वी तिथं बोलिंगचा, म्हणजे जड चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायच्या खेळाचा, अड्डा होता. नवरा गेल्यावर तिनं चेंडूच्या पट्ट्यांच्याच लाकडाचं स्टेज करून घेतलं आणि गाण्याचा क्लब काढला. मासे मात्र सोडले नाहीत.

मार्चमधल्या एका आठवड्याच्या शेवटी तिचा तीन दिवसांचा जलसा असे. शुक्रवारी इंडी, म्हणजे हळुवार गिटारवाली गाणी, शनिवारी नाच, रविवारी दुपारी दणदणीत पंक. "आधी जेवा, मग नाचा, मग भांडा," असं वांडा त्याचं वर्णन करायची. पंकवाल्यांना शेवटी का ठेवता असं कुणी विचारलं तर म्हणायची, "सोमवारी क्लब बंद असतो. मोडतोड झाली तर सुताराला दिवस मिळतो."

नोरीन पंकवाली. तिच्या बँडचं नाव टॅप वॉटर, म्हणजे साधं नळाचं पाणी. ती गायची आणि बेस गिटार वाजवायची, मारिसोल गिटार वाजवायची आणि वेंडेल ड्रम. तिघंही आता पंचेचाळिशी ओलांडलेली. मारिसोल दंतवैद्याच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची, वेंडेल पोस्टमन होता. त्यांची गाणी दीड-दोन मिनिटांची; शेजारच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकू यावं तशी.

पण गावात टॅप वॉटरची ओळख गाण्यांपेक्षा त्यांच्या नेमामुळं. सतराव्या वर्षी मारिसोलच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये त्यांनी ठरवलं होतं: दारू नाही, सिगारेट नाही, गोळ्या नाहीत, आणि हे मरेपर्यंत. ज्या गावात बाप्तिस्म्यालाही बियरचं पिंप येतं, त्या गावात हे ठरवणं म्हणजे कोळीवाड्यात राहून माशाचं नाव टाकण्यासारखं. लोक हसले. मग हसायचे थांबले, आणि पुढं पुढं त्यांच्या कार्यक्रमाला तसलीच नेमाची पोरं लांबून लांबून यायला लागली.

क्लबच्या दारावर एकवीस वर्षांखालच्या पोरांच्या हातावर काळ्या मार्करनं फुली मारतात. फुली दिसली की बारवाल्यानं दारू द्यायची नाही. नेमाची माणसं वय उलटून गेल्यावरही ती फुली आपण होऊन मागून घेतात. टॅप वॉटरचा त्यावर आणखी एक दंडक होता. आपल्या हातावर आपण फुली मारायची नाही. स्टेजवर जाण्याआधी तिघांनी एकमेकांच्या हातावर मारायची, आणि मारून घेणाऱ्यानं समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. "आरशापुढं कुणीही साधू होतो," असं मारिसोल म्हणायची.

आणि एकदा मोडलं की मोडलं. परत घ्यायचं नाही.

नोरीन आत आली तेव्हा वेंडेल स्टेजवर गुडघे टेकून आपल्या ड्रमचे पाय घट्ट करत होता. तिन्ही दिवस सगळ्या बँडांना ड्रम एकच, त्याचा. प्रत्येकानं आपापला आणून मांडायचा म्हटलं तर अर्धा कार्यक्रम उचलाउचलीतच जायचा. फक्त झांजा आणि स्नेअर, म्हणजे दोन मांड्यांच्या मधोमध येतो तो खणखणीत छोटा ड्रम, हे ज्याचं त्यानं आणायचं. दुसऱ्याचा स्नेअर वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या ब्रशनं दात घासणं.

"जेवलास?" नोरीननं विचारलं.

"नाही. तू जरा मागच्या बाजूला येतेस का?"

"मासे संपतील रे."

"वांडाला दोन ताटं ठेवायला सांगितलीत. चल."

मागच्या गल्लीत रिकामी पिंपं आणि रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या गोण्या होत्या. बर्फ कडेला काळं पडलं होतं. वेंडेलनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. उंच माणूस, बोलायचं असलं की त्याला आपल्या उंचीचं काय करावं ते कळत नसे.

"रविवारी तू फुलीसाठी माझा हात मागशील," तो म्हणाला. "तेव्हा सांगण्यापेक्षा आज सांगतो. मी प्यायलोय."

नोरीनला आधी वाटलं, आत्ता. तिनं नकळत वासही घेऊन बघितला.

"आत्ता नाही गं. जानेवारीत. बाबांबरोबर."

वेंडेलचे वडील, एल्रॉय, जानेवारीत गेले. नोरीन दफनाला होती, हॅमची सँडविचं तिनंच नेली होती. शेवटचे दिवस घरीच काढले म्हाताऱ्यानं, हे तिला माहीत होतं. बियरच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मुलाच्या नेमाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्याच्यापुढं दुधाचा ग्लास ठेवून "पोस्टमनसाहेबांसाठी" म्हणायचे, तेवढंच.

"शेवटी त्यांना गिळता येत नव्हतं," वेंडेल म्हणाला. "नर्सनं काडीला लावलेले स्पंजाचे बोळे दिले होते. पाण्यात बुडवायचे आणि ओठांवरून, जिभेवरून फिरवायचे. एका संध्याकाळी म्हणाले, पाणी पुरे झालं, बियरमध्ये बुडव. नर्स म्हणाली, द्या, आता काय. मी डबा उघडला, बोळा बुडवला, तोंडाशी नेला. तोंड मिटून घेतलं त्यांनी. म्हणाले, मी आयुष्यात एकट्यानं कधी प्यायलो नाही."

"मग?"

"मग काय. उरलेला डबा मी प्यायलो. ते बोळा चोखायचे आणि मी प्यायचो."

"एकदा."

"रोज संध्याकाळी. ते जाईपर्यंत. आठवडाभर तरी."

 आत कुणीतरी माइकवर "एक, दोन" करत होतं.

"आणि नंतर?" तिनं विचारलं.

"नंतर नाही. एकदाही नाही. पण नोरीन, सांगायचंच तर सगळं सांगतो. मला वाईट लागली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशीपासून चांगली लागायला लागली."

हे त्यानं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मरणाऱ्या बापासाठी औषधासारखं गिळलं म्हणाला असता तर तिला काही तोड काढता आली असती.

"मी विचार करते," ती म्हणाली.

"कर. ड्रम तर इथंच आहेत. मी नसलो तरी अडणार नाही."

ताट पुढं आलं तेव्हा मासा गारढोण झाला होता. मारिसोल आधीच येऊन बसली होती आणि नोरीनच्या ताटातली बटाट्याची धिरडी सफरचंदाच्या मुरंब्यात बुडवून खात होती. नोरीननं तिला सगळं सांगितलं. स्टेजवर चार मुलं आपापल्या बुटांकडं बघत काहीतरी हळुवार गात होती.

"मला वाटलंच होतं काहीतरी," मारिसोल म्हणाली. "अंत्यविधीपासून माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मला वाटलं, बायकोशी वाजलंय."

"तुझं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं विचारायची ही वेळ का? किपच्या वेळी विचारलं होतंस?"

किप हा टॅप वॉटरचा चौथा माणूस, पूर्वी दुसरी गिटार वाजवणारा. बाविसाव्या वर्षी बहिणीच्या लग्नात त्यानं शँपेनचा एक पेला उचलला, सगळ्यांबरोबर ओठाला लावला आणि रिकामा केला. फोटोत आलं ते. दुसऱ्या दिवसापासून तो बँडमध्ये नव्हता. पुढं तो नाचाच्या संगीताकडं वळला आणि आता शनिवारचा सगळा कार्यक्रम त्याचाच असायचा. इतकी वर्षं नोरीन आणि तो एकमेकांना मान हलवून "काय, बरं?" म्हणत. त्यापलीकडं काही नाही.

"तेव्हा आपण एकमतानं ठरवलं होतं," नोरीन म्हणाली.

"तू ठरवलंस आणि मला एकमत व्हायला सांगितलंस." मारिसोलनं शेवटचं धिरडं उचललं. "हे बघ, वेंडेल माझा जीव आहे. पण त्याला ठेवलंस तर किपला कुठल्या तोंडानं भेटशील? आणि त्याला काढलंस तर माझ्या घरी जेवायला कुठल्या तोंडानं येशील? मी आपलं दोन्ही सांगून ठेवते."

"वा. मोठी मदत झाली."

"कवळ्या बनवते मी, बाई. न्याय करत नाही."

स्टेजवरची ड्रम वाजवणारी मुलगी, आनिका, टॅप वॉटरच्या गाण्यांवरच वाढलेली होती. तिला सगळी गाणी पाठ होती, आणि ती नेमाचीही होती. रविवारी बस म्हटलं तर ती आनंदानं बसली असती. नोरीननं तिच्याकडं बघितलं, पाठीमागच्या वेंडेलच्या ड्रमकडं बघितलं आणि गार मासा खाल्ला. टाकून उठायची सवय तिला नव्हती.

शनिवारचा नाच संध्याकाळी पाचला सुरू होऊन नऊला संपायचा. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना सकाळी चर्चला जायचंय, ज्यांच्या घरी मुलं सांभाळणारी मुलगी दहाला निघते, अशा लोकांसाठी वांडानं ही वेळ काढली होती, आणि तिन्ही दिवसांत जास्त गर्दी त्यालाच व्हायची. चकचकीत शर्ट घातलेली पन्नाशीची माणसं साडेचारपासूनच दारात उभी. नोरीन दुपारीच आली. किप एकटाच स्पीकरच्या मागं वाकून वायरी जोडत होता.

"किप."

"वांडा किचनमध्ये आहे," तो मागं न बघता म्हणाला.

"मला तुझ्याशी बोलायचंय."

तो सरळ झाला. डोक्यावरचे केस गेले होते, दाढी पांढरी झाली होती. "वेंडेलचं का?"

"तुला कसं माहीत?"

"त्यानं मला मागच्या महिन्यातच सांगितलं. घरी आला होता. म्हणाला, ह्या रस्त्यानं आधी तूच गेलायस, कसं असतं ते सांग."

आपल्याआधी किपला सांगितलं, हे नोरीनला लागलं. पण लागण्याचा आपल्याला हक्क आहे का, ते तिला ठरवता येईना.

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, की पहिली दोन वर्षं वाईट जातात. मग माणूस नाचायला शिकतो." तो हसला, पण तोंडभर नाही.

"मी तुला काढलं, ते—" नोरीन थांबली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं कधी सुरूच केलं नव्हतं, त्यामुळं पुढचा रस्ता माहीत नव्हता. "तुला अजून राग आहे का?"

किपनं हातातली वायर गुंडाळत गुंडाळत विचार केला. "नियमाचा नाही. नियम मलाही माहीत होता. फुली मी पण मारून घेतली होती ना, तुझ्याच हातून. पण तू मला सांगायला आली नाहीस. मारिसोलला फोन करायला लावलास. ती बिचारी रडत होती, आणि मी तिचीच समजूत घालत होतो. काढलं मला, आणि 'असू दे, असू दे' म्हणायचं पण मीच."

नोरीनला ते आठवत नव्हतं असं नाही. ते आठवायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"वेंडेलला ठेवलं तर तुला वाईट वाटेल?"

"वाटेल," किप म्हणाला. "खोटं कशाला बोलू. काढलंस तरी वाटेल. तू माझ्यावरून नको ठरवू बाई, मी काय फूटपट्टी आहे का? सरक जरा, पायाखाली वायर आहे."

ती सरकली. मग कोट टांगायच्या जागी वांडाला मदत करायला गेली. पाचला दार उघडलं. आत हॉलच्या जमिनीवर तीनशे पाय एका तालात पडायला लागले. नोरीन कोट घेत होती, बिल्ले देत होती आणि मनात वाक्य जुळवत होती. निदान या वेळी स्वतः जायचं. तोंडावर सांगायचं. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, हे काही खरं नाही. नेम म्हणजे नेम.

"कुणाशी बोलतेयस?" वांडानं विचारलं.

"कुणाशी नाही."

"ओठ हलतायत तुझे. माझी आई जपमाळ ओढायची तेव्हा असे हलायचे. तिच्या चेहऱ्यावर शांती असायची मात्र."

रविवारी सकाळी नोरीन वेंडेलच्या घरी गेली. त्याची बायको चर्चला गेली होती. तो स्वयंपाकघरात स्नेअरवर नवं कातडं चढवत बसला होता. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर स्क्रू एका ओळीत.

"ये. कॉफी आहे."

ती बसली नाही. बसलो तर जमणार नाही, हे तिला ठाऊक होतं. "वेंडेल, मी तुला तोंडावर सांगायला आले. आज तू वाजवायचं नाहीस. आनिकाला विचारते."

त्याचे हात थांबले नाहीत. एक स्क्रू, मग समोरचा स्क्रू. कातडं सगळीकडून सारखं ताणलं जावं म्हणून असंच करतात. "बरं," तो म्हणाला.

"बरं काय? भांड की."

"कशाला भांडू? नियम माहीत होता, म्हणूनच तर सांगितलं. नसतं सांगितलं तर तुला कळलंही नसतं." मग जरा थांबून म्हणाला, "आनिकाला म्हणावं, डावीकडचा स्टँड सैल आहे, दर दोन गाण्यांनी आवळायचा. आणि आता आलीयेस तर कॉफी घे. दूध फ्रीजमध्ये."

नोरीननं फ्रीज उघडला. दुधाच्या खाली, खालच्या फळीवर बियरचे डबे होते. सहाच्या जुडग्यातले चार, प्लॅस्टिकच्या कड्यांत तसेच अडकलेले.

"हे काय?"

"बाबांचे. उरलेले."

"जानेवारीपासून?"

"हं."

"टाकून का नाही दिलेस?"

"टाकवत नाहीत."

"मग रोज दिसतात तुला."

"दूध रोज लागतं ना." वेंडेलनं आता हातातलं काम ठेवलं. "कामावरून येतो, हात गारठलेले असतात, फ्रीज उघडतो. रोज एकदा वाटतं. मग दूध काढतो आणि बंद करतो. असा मोठा काही झगडा नाही, नोरीन. असा चेहरा करू नकोस."

ती फ्रीजचं दार धरून तशीच उभी होती. थंड हवा पायांवर येत होती. तिचे वडील बियरच्या गाडीवर ड्रायव्हर होते आणि मालाशी जरा जास्तच इमान राखून होते. ती पंधरा वर्षांची असतानाच गेले. तेव्हापासून डबा उघडल्याचा नुसता आवाज आला तरी ती उठून दुसरीकडं जायची. लग्नात, नाताळात, मित्रांच्या घरी, कधी एकदासुद्धा तिला घ्यावीशी वाटली नव्हती. लोक म्हणायचे, काय निग्रह आहे! आणि ती ते मानून घ्यायची. ज्याला कारलं आवडतच नाही, त्यानं कारल्याचा उपास धरावा, तसा तो निग्रह. समोरचा माणूस मात्र चव कळल्यावर, घरात असताना, कुणी बघत नसताना, रोज दूध काढून दार बंद करत होता. हातावर फुली नाही, आणि कुणी मारावी असं मागतही नव्हता.

यातला नेम कुठला, हे तिनं स्वतःला विचारलं. उत्तर काही अवघड नव्हतं. फक्त ते आपल्या बाजूचं नव्हतं.

"दार लाव," वेंडेल म्हणाला. "विजेचं बिल मी भरतो."

तिनं दार लावलं. खुर्ची ओढली आणि बसली.

"दोनला ये," ती म्हणाली.

"आत्ता तर म्हणालीस—"

"आत्ता म्हणाले ते चुकलं. तू वाजव."

"आणि फुली?"

ह्याचा विचार तिनं केला नव्हता. तिनं त्याच्याकडं बघितलं. "हवी असेल तर मारते. तू नेम परत सुरू केलायस, तर मारते मी. लोक काय म्हणतील ते माझ्यावर."

वेंडेलनं मान हलवली. "नको. एकदा मोडलं की मोडलं, हे मी पण म्हटलं होतं गॅरेजमध्ये. आता मी जे करतो ते वेगळं आहे. त्याला नाव नाही, आणि नसू दे. तू माझा हात मागू नकोस, एवढंच कर."

"कुणी विचारलं तर?"

"खरं सांग. तू सांग पण; मी ड्रमच्या मागून आरडाओरडा करणार नाही."

दीड वाजता किप आपले स्पीकर न्यायला टेनपिनला आला होता. नोरीन त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"वेंडेल वाजवणार आहे," ती म्हणाली. "आणि तुला मी काढायला नको होतं. निदान तशा रीतीनं तर नकोच. हे मी फोनवर सांगणार नव्हते."

किप तिच्याकडं बघत राहिला. डोळे जरा लाल झाल्यासारखे वाटले, पण आदल्या दिवशी नाच झाला होता, त्याचंही असेल.

"फार उशीर केलास," तो म्हणाला.

"हो."

"मी काही परत येणार नाही तुमच्यात. ते तुमचं दाणदाण आता कानांना सोसत नाही."

"तुला बोलावलंय कुणी?"

"धर मग ही बाजू. पाठीतनं उचल, गुडघ्यातनं नको. उलट झालं. गुडघ्यातनं उचल, पाठीतनं नको." दोघांनी मिळून स्पीकर गाडीत चढवला. तो गाडीत बसला आणि तिथंच बसून राहिला. गेला नाही.

रविवारची गर्दी पोरांची. पंधरा-सोळा वर्षांची, चुरगळलेल्या जाकिटांतली, कानात फोमचे बोळे घातलेली. वांडा दारात स्टुलावर बसून एकेकाच्या हातावर फुल्या मारत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "आईला सांगून आलायस ना?" मागं भिंतीला टेकून जुनी नेमाची माणसं उभी होती, काही तर स्वतःच्या मुलांना घेऊन आलेली.

स्टेजच्या बाजूच्या अरुंद जागेत मारिसोलनं हात पुढं केला. नोरीननं तिच्या डोळ्यांत बघत फुली मारली. मग मारिसोलनं नोरीनच्या हातावर. वेंडेल बाजूला बसून काठ्यांना चिकटपट्टी गुंडाळत होता. मार्करचं टोपण लावताना आवाज झाला, तेव्हा त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "झालं? चला."

पहिल्या गाण्याआधी सगळा हॉल हात वर करतो, फुलीची बाजू स्टेजकडं. स्टेजवरची माणसंही करतात. कुणी ठरवलेलं नाही, चालत आलंय तसं. नोरीननं हात वर केला, मारिसोलनं केला. समोर शेकडो हात. वेंडेल ड्रमच्या मागं बसून राहिला, काठ्या मांड्यांवर. दिवे त्याच्या हातांवर होते आणि हात कोरे होते.

पुढच्या रांगेत रस नावाचा एक दाढीवाला होता, त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला शिकागोहून येणारा. तो ओरडला, "वेंडेल, हात!"

मागून आणखी एकजण, "दाखव की हात!"

वेंडेलनं नोरीनकडं बघितलं. तिनं माइक जवळ ओढला. 

"त्याच्या हातावर फुली नाही," ती म्हणाली. "त्याचा नेम सुटला. हे त्यानं स्वतः येऊन मला सांगितलं, मी पकडलं नाही. का सुटला ते तुमचं काम नाही. ड्रम तोच वाजवणार, आज आणि पुढंही. हे ठरवणारी मी आहे, तेव्हा शिव्या द्यायच्या तर मला द्या."

किचनमधला वांडाचा पंखा ऐकू येत होता.  रसनं खाली ठेवलेलं जाकीट उचललं आणि तो माणसांतून वाट काढत दाराकडं निघाला. त्याच्यामागं भिंतीजवळचे काहीजण गेले. नोरीननं त्यांना जाताना बघितलं. त्यांतल्या दोघांच्या हातांवर, वर्षांपूर्वी, पहिली फुली तिनंच मारली होती. उरलेल्या पोरांना काय करावं कळेना. अर्धे हात अजून वरच होते.

"झालं का लेक्चर?" मारिसोल माइक सोडून म्हणाली. "गिटार गार पडतेय माझी."

वेंडेलनं काठ्या चारदा आपटल्या आणि गाणं सुरू झालं.

पहिली तीन गाणी नीट गेली. पोरं एकमेकांवर आदळायला लागली, कुणाचा तरी बूट स्टेजवर आला, तो मारिसोलनं लाथ मारून परत पाठवला. चौथं गाणं त्यांचं सगळ्यात जुनं, गॅरेजमधलं. त्याच्या धृपदात तिघांनी मिळून एकच ओळ चारदा ओरडायची: "एकदाही नाही!" नोरीन मधल्या सुरात, मारिसोल वर, वेंडेल खाली. त्यासाठी वेंडेलच्या तोंडाजवळ एक माइक लावलेला असे.

धृपद आलं. नोरीननं ओळ उचलली आणि तिला जाणवलं की खाली काही नाही. जिना उतरताना शेवटची पायरी असेल असं वाटावं आणि नसावी, तसं. तिनं मागं वळून बघितलं. वेंडेलनं माइक भिंतीकडं वळवून ठेवला होता. तोंड मिटलेलं होतं, नजर झांजेवर होती. हात मात्र पूर्वीपेक्षा जोरात चालले होते.

त्यानं म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. एवढ्या गदारोळात एक आवाज कोण मोजतो? पण त्याच्या तोंडी ते आता खरं नव्हतं, म्हणून त्यानं म्हटलं नाही.

पुढची ओळ नोरीननं आणि मारिसोलनं दोघींनीच म्हटली. ती पातळ वाटली. समोरच्या पोरांनी काही ठिकाणी भर घातली, काही ठिकाणी घातली नाही. दुसऱ्या धृपदाच्या आधी मारिसोल दोन पावलं टाकून नोरीनजवळ आली आणि तिच्याच माइकवर, खालच्या सुरात, वेंडेलची बाजू धरली. वरचा सूर मोकळा राहिला. आता हे गाणं असंच म्हणावं लागणार. मंगळवारी तालमीला बसून नीट बसवायला हवं, असं गाता गाताच नोरीनच्या मनात आलं.

मागं वेंडेलनं लय तसूभरही ढळू दिली नाही.